क्वार्टरबॅकची तुलना: आकड्याआधी त्यामागचे कारण पाहावे

अमेरिकेत शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने मला दोन प्रश्न विचारले आहेत. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टपूर्वी महाविद्यालयीन क्वार्टरबॅकची, म्हणजे आक्रमणात पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, तुलना नेमकी कशाच्या आधारावर करावी, हा पहिला. आणि २०१८ साली पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्या पाच क्वार्टरबॅकपैकी पहिला मान खरोखर कुणाला मिळायला हवा होता, हा दुसरा. मी गेली सतरा वर्षे महाविद्यालयीन सामन्यांची फिल्म पाहून क्वार्टरबॅकच्या नोंदी करण्याचे काम करतो. २०१८ च्या त्या पाच जणांवर मी जितके तास घालवले, तितके नंतरच्या कुठल्याही वर्षीच्या खेळाडूंवर घालवले नसतील, म्हणून दोन्ही उत्तरे त्यांच्याच आधारे देतो.

ज्यांनी हा खेळ दुरूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस ते सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात, यालाच ड्राफ्ट म्हणतात, आणि आदल्या हंगामात ज्या संघाची कामगिरी सर्वांत वाईट असेल त्याची पाळी सर्वांत आधी येते. २०१७ च्या हंगामात क्लीव्हलंड ब्राउन्स १६ पैकी १६ सामने हरले होते, त्यामुळे पहिली निवड त्यांची होती आणि त्यांनी ओक्लाहोमाच्या बेकर मेफिल्डला घेतले. तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅम डार्नोल्डला, सातव्या क्रमांकावर बफेलो बिल्सनी वायोमिंगच्या जॉश ॲलनला आणि दहाव्या क्रमांकावर ॲरिझोना कार्डिनल्सनी यूसीएलएच्या जॉश रोझनला घेतले. पहिल्या फेरीची अगदी शेवटची, म्हणजे ३२ वी निवड बाल्टिमोर रेव्हन्सनी लुईव्हिलच्या लमार जॅक्सनवर खर्च केली. पुढे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जॅक्सनला २०१९ आणि २०२३ साठी मिळाला, तर ॲलनला २०२४ साठी. पाचांत जो सर्वांत शेवटी गेला तो, आणि ज्याच्या अचूकतेवर सर्वाधिक शंका घेतल्या गेल्या तो, असे हे दोघे आहेत. एवढ्यावरून त्या वर्षीची सगळी पारख वाया गेली असे म्हणणे सोपे आहे, परंतु मला ते पटत नाही. पारख करताना आपण कोणता प्रश्न विचारायला विसरलो, हे मात्र त्या वर्षाने मला फार स्पष्टपणे दाखवले.

आधी आकडे पाहू. २०१७ च्या महाविद्यालयीन हंगामात मेफिल्डचे ७०.५ टक्के पास पूर्ण झाले, म्हणजे सहकाऱ्यांनी झेलले, आणि त्याने ४३ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले. त्याच्या केवळ ६ पासवर प्रतिस्पर्ध्यांनी इंटरसेप्शन केले, म्हणजे चेंडू मधेच झेलून घेतला. त्याच हंगामात ॲलनचे ५६.३ टक्के पास पूर्ण झाले आणि त्याचे टचडाउन पास होते १६. कागदावर ही तुलनाच होऊ शकत नाही. पण मुंबईच्या मैदानांवर क्रिकेट पाहिलेल्या माणसाला कागदाची मर्यादा समजावून सांगावी लागत नाही. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावा आणि कोरड्या पाटा खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावा धावफलकावर सारख्याच दिसतात, तरी निवड करणारा जाणकार दोन्ही एकाच भावाने मोजत नाही.

मेफिल्डच्या बाजूला कोण खेळत होते ते पाहा. त्याला संरक्षण देणारा टॅकल ऑर्लँडो ब्राउन, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) मार्क अँड्र्यूज, रिसीव्हर (पास झेलणारा) मार्क्वीज ब्राउन आणि तेव्हा पहिल्याच वर्षाला असलेला सीडी लँब हे सगळे पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेले, आणि प्रशिक्षक लिंकन रायलीची आक्रमणपद्धती रिसीव्हरला मोकळी जागा मिळवून देण्यात वाकबगार होती. ॲलनच्या बाबतीत नेमके उलटे घडले होते. २०१६ चा हंगाम संपताच वायोमिंगचा धावणारा ब्रायन हिल, सेंटर (क्वार्टरबॅकला चेंडू देणारा) चेस रूलिए, रिसीव्हर टॅनर जेंट्री आणि टाइट एंड जेकब हॉलिस्टर असे चौघे एकदम बाहेर पडले, आणि २०१७ मध्ये ॲलन जवळजवळ नव्या माणसांबरोबर खेळला. तरीही येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. परिस्थिती वाईट होती म्हणून खेळाडू चांगलाच असणार, हा निष्कर्ष आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवण्याइतकाच चुकीचा आहे. २०१६ मध्ये ते चौघेही त्याच्याबरोबर असताना ॲलनचे ५६ टक्केच पास पूर्ण झाले होते. म्हणजे सगळा दोष आजूबाजूच्या माणसांचा नव्हता. काहीतरी त्याचे स्वतःचे बिघडत होते, आणि ते काय होते हे फिल्म पाहिल्याशिवाय कळणार नव्हते.

फिल्म म्हणजे टीव्हीवरचे प्रक्षेपण नव्हे. टीव्हीवर चेंडू दिसतो; आम्हाला लागते ती दोन कोनांतली फिल्म, एक बाजूच्या रेषेवरून उंचावरून घेतलेली, जिच्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात, आणि दुसरी गोलपोस्टच्या मागून घेतलेली. एक उदाहरण घेऊ. तिसरा डाउन, म्हणजे चार प्रयत्नांपैकी तिसरा, आहे आणि आठ यार्ड हवे आहेत. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी बचावाचे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोलवर उभे आहेत, पण चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात पडताच त्यांतला एक पुढे धावतो आणि बचावाचे सगळे रूप बदलते. क्वार्टरबॅक पाच पावले मागे जातो. त्याचे पाचवे पाऊल जमिनीवर टेकते त्या क्षणी मी फिल्म थांबवतो. त्याचा पहिला पर्याय आता बंद झालेला आहे. मग मी एकेक फ्रेम पुढे नेत पाहतो: त्याचे हेल्मेट कुठे वळले, हेल्मेटबरोबर पाय वळले का, की डोळे डावीकडे आणि पाय अजून उजवीकडेच राहिले, चेंडू सुटण्यापूर्वी त्याने पुढे किती छोट्या उड्या घेतल्या, आणि अंगावर कुणी धावून येत असताना त्याची नजर दूरच्या रिसीव्हरवरच राहिली की समोरच्या माणसावर खाली आली. माझ्या वहीत अशा फेकींचे पान वेगळे असते. पहिला पर्याय मोकळा असताना केलेली फेक चांगली असो वा वाईट, ती बरेच काही त्या आक्रमणपद्धतीबद्दल सांगते. पहिला पर्याय बंद झाल्यानंतरची फेक त्या मुलाबद्दल सांगते. ज्या संघांत स्क्रीन पास (जवळचे, सोपे पास) आणि आरपीओ (धाव की पास हे ऐनवेळी ठरवायचे डाव) यांचाच भरणा असतो तिथे या दुसऱ्या पानावर अख्ख्या हंगामात फारच थोड्या नोंदी होतात, आणि त्या क्वार्टरबॅकची टक्केवारी कितीही चांगली असली तरी त्याच्याविषयी खात्रीने बोलायला आपल्याकडे पुरेसा पुरावा नसतो.

महाविद्यालयीन मैदानाचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे मधल्या दोन हॅश मार्कमध्ये, म्हणजे ज्यांच्या दरम्यान प्रत्येक डाव सुरू होतो त्या खुणांमध्ये, ४० फुटांचे अंतर असते, तर व्यावसायिक मैदानावर ते फक्त १८ फूट ६ इंच असते. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूला मोठे मोकळे रान तयार होते, आणि तिथल्या रिसीव्हरला सापडणारी जागा व्यावसायिक खेळात तशी सापडत नाही.

आता ॲलनकडे परत येतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म त्याच्यापाशी आहे. ड्राफ्टच्या वर्तुळात वर्षानुवर्षे एक समज पक्का होता की हाताचा जोर आणि अचूकता या दोन्ही गोष्टी उपजत असतात आणि अचूकता शिकवता येत नाही. मी स्वतःही तेच मानत होतो. आज मी असे म्हणेन की फेक चुकली एवढी नोंद पुरेशी नसते, ती कुठल्या दिशेने चुकली हेही लिहिले पाहिजे. एखाद्याचे चेंडू कधी उंच, कधी मागे, कधी पायाशी, असे विखरून पडत असतील, तर बहुधा त्याला कुठे फेकायचे हेच उशिरा कळते आहे. पण चुका सारख्या एकाच दिशेने होत असतील, तर दोष बहुधा शरीराच्या एखाद्या ठरावीक हालचालीत असतो, आणि हालचाल बदलता येते.

आमच्याकडच्या एका मुलाचे उदाहरण देतो. त्याचे मधल्या अंतराचे पास सतत रिसीव्हरच्या डोक्यावरून जायचे. गोलपोस्टमागच्या फिल्ममध्ये दिसले की फेकताना त्याचे पुढचे पाऊल लक्ष्याच्या रेषेच्या पलीकडे, आडवे पडत होते. त्यामुळे कंबर वळायला जागाच उरत नव्हती आणि राहिलेले काम तो एकट्या खांद्याकडून करून घेत होता. प्रशिक्षकांनी सरावाच्या मैदानावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक हातभर तुकडा लावला आणि पुढचे पाऊल त्या पट्टीच्या डावीकडेच पडले पाहिजे एवढाच नियम केला. पहिले दोन आठवडे त्याचे पास आणखी बिघडले. सहाव्या आठवड्यापासून चेंडू रिसीव्हरच्या छातीवर यायला लागला. तो मुलगा पुढे व्यावसायिक खेळाडू झाला नाही, पण त्या पट्टीने मला जे शिकवले ते मी विसरलेलो नाही.

ॲलनच्या माझ्या जुन्या नोंदी मी नंतर पुन्हा काढून पाहिल्या, तेव्हा त्याच्या चुकांपैकी बऱ्याच चुका उंच गेलेल्या चेंडूंच्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक वेळी तो घाईत, कमर मागे ठेवून, केवळ हाताच्या बळावर फेकत होता. म्हणजे कारण माझ्या वहीत लिहिलेले होते आणि मी त्याचा अर्थ लावला नव्हता. व्यावसायिक खेळात त्याची टक्केवारी पहिल्या वर्षी ५२.८ होती, दुसऱ्या वर्षी ५८.८ आणि तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२. या तीन वर्षांत बफेलोने काय केले ते महत्त्वाचे आहे. मुख्य प्रशिक्षक शॉन मॅक्डरमॉट आणि आक्रमणाचा समन्वयक ब्रायन डेबॉल हे तिन्ही वर्षे तेच राहिले, २०१९ मध्ये जॉन ब्राउन आणि कोल बीझली हे रिसीव्हर आणले गेले आणि २०२० मध्ये स्टेफन डिग्ज आला. ॲलनने हंगामांच्या मधल्या काळात आपल्या फेकीच्या पद्धतीवर कसून काम केले आणि संघाने त्या कामाला वेळ दिला. ॲलन मुळातच महान होता आणि टीकाकार आंधळे होते, असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे आहे. २०१७ मध्ये आयोवा आणि ओरेगन यांच्याविरुद्ध तो खरोखरच निष्प्रभ ठरला होता, आणि तसाच खेळ घेऊन तो दुसऱ्या एखाद्या अधीर संघात गेला असता तर दोन वर्षांत बाहेरही पडला असता.

जॅक्सनच्या बाबतीत चूक वेगळ्या प्रकारची होती आणि तिचे मला आजही वाईट वाटते. २०१६ मध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळवणारा तो त्या पुरस्काराच्या इतिहासातील सर्वांत तरुण खेळाडू होता. २०१७ मध्ये त्याने ३,६६० यार्ड पासने आणि १,६०१ यार्ड धावून मिळवले. तरीही त्याने क्वार्टरबॅक न राहता रिसीव्हर व्हावे, असे जाहीरपणे सुचवणारे लोक होते. त्याच्या फेकीत दोष होता हे खरे आहे: तो दोन पावले फार जवळ ठेवून उभा राहायचा, त्यामुळे बाजूच्या रेषेकडच्या फेकी कधी कधी घसरायच्या. पण प्रशिक्षक बॉबी पेट्रिनोच्या आक्रमणात त्याला पॉकेटमध्ये, म्हणजे संरक्षकांच्या कोंडाळ्यात, उभे राहून क्रमाने पर्याय वाचावे लागत होते, आणि ते तो करत होता; पहिल्या पर्यायानंतरच्या फेकींचे त्याचे पान माझ्या वहीत रिकामे नव्हते. आम्ही त्याची तुलना दुसऱ्या क्वार्टरबॅकशी न करता आमच्या मनातल्या एका ठरावीक साच्याशी केली, आणि त्या साच्यात तो बसला नाही तेव्हा दोष त्याच्या नावावर लिहिला. बाल्टिमोरने साचा बदलला. २०१८ च्या मध्यात तिथला आधीचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको जखमी झाल्यावर जॅक्सन मैदानात आला आणि हंगामातले उरलेले सातपैकी सहा सामने त्याने जिंकून दिले. २०१९ मध्ये समन्वयक ग्रेग रोमनने आक्रमणाची सगळी मांडणी त्याच्या धावण्याभोवती केली, आणि त्या हंगामात लीगमधील सर्वाधिक म्हणजे ३६ टचडाउन पास टाकून, वर क्वार्टरबॅकसाठी विक्रमी ठरलेले १,२०६ यार्ड धावून, तो ५० पैकी ५० मतांनी सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्क अँड्र्यूज, जो ओक्लाहोमात मेफिल्डचे पास झेलत होता, तो त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत बाल्टिमोरला आला आणि जॅक्सनचा सर्वांत विश्वासाचा झेलणारा झाला.

माझ्या यादीत त्या वर्षी पहिले नाव जॉश रोझनचे होते. त्याची पावले इतकी स्वच्छ पडत, चेंडू इतक्या सहजतेने सुटे, की प्रशिक्षण देताना दाखवायला त्याचीच फिल्म घ्यावी असे वाटे. मी पाहिले ते खरेच होते, पण मी चुकीच्या पानाला महत्त्व दिले. संरक्षण टिकलेले असताना तो पाचांत सर्वांत देखणा होता. संरक्षण कोसळल्यावर स्वतःहून काही निर्माण करण्याची त्याची क्षमता पाचांत सर्वांत कमी होती. कार्डिनल्सचे संरक्षण त्या वर्षी फार वेळा कोसळले. समन्वयक माइक मॅकॉय याला हंगामाच्या मध्यातच काढण्यात आले, ३ विजय आणि १३ पराभवांनंतर मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह विल्क्सही गेला, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये संघाने पहिल्या क्रमांकावर काइलर मरीला घेऊन रोझनला मायामीकडे पाठवले. त्याला योग्य संधी मिळाली नाही, असे मी म्हणू शकतो आणि म्हणतोही. तरी ॲलन आणि रोझन यांच्यातला फरक केवळ नशिबाचा नव्हता. ॲलनजवळ वाईट परिस्थितीत तग धरण्यापुरते काहीतरी होते, पाय आणि हाताचा जोर, ज्यावर तो शिकेपर्यंत जगू शकला.

डार्नोल्डविषयी थोडक्यात सांगतो. ड्राफ्टच्या दिवशी तो केवळ २० वर्षांचा होता आणि २०१७ मध्ये त्याने १३ इंटरसेप्शन दिले होते, शिवाय चेंडूही अनेकदा हातातून सोडला होता. एवढ्या लहान मुलाला ही सवय मोडायला स्थिर संघ हवा होता. जेट्सकडे तो नव्हता. पुढे २०२४ मध्ये मिनेसोटात, केव्हिन ओकॉनेलच्या हाताखाली, त्याने ३५ टचडाउन पास टाकले आणि संघाने १४ सामने जिंकले. वयाचा विचार तुलनेत किती करावा, असे मला नेहमी विचारतात. माझे म्हणणे असे की तेवीस वर्षांच्या मुलाने अठरा-एकोणीस वर्षांच्या बचावपटूंविरुद्ध केलेली कामगिरी थोडी कमी धरावी आणि विसाव्या वर्षी केलेल्या चुका थोड्या माफ कराव्यात, पण त्या चुकांचे कारण मात्र माफ करू नये.

हाताच्या पंजाची लांबी, चाळीस यार्डांची धाव, इंडियानापोलिसच्या कंबाइन या ड्राफ्टपूर्व मेळाव्यातल्या चाचण्या यांवर बोलणे मी टाळतो. त्यातून एखादी धोक्याची सूचना मिळते, त्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची संख्या मात्र मी अवश्य पाहतो. २०१७ मध्ये शिकागोने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या मिचेल ट्रुबिस्कीच्या नावावर असे फक्त १३ सामने होते, आणि त्याच फेरीत दहाव्या क्रमांकावर, पुढे कितीतरी सरस ठरलेला, पॅट्रिक माहोम्स गेला. तेरा सामन्यांत दुसऱ्या पानावर नोंदी तरी किती होणार? आता विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाल्यामुळे २०२४ च्या जेडन डॅनियल्स किंवा बो निक्ससारखे पन्नासहून अधिक सामने खेळलेले क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये येऊ लागले आहेत. तिथे पुरावा भरपूर असतो. शिवाय दोन वेगळ्या पद्धतींत तोच दोष कायम राहिला का, हे तपासता येते, आणि राहिला असेल तर तो त्या मुलाचाच, असे मी मानतो.

आता दुसरा प्रश्न. केवळ खेळाडू म्हणून पाचांना आज उभे केले तर मी जॅक्सनला पहिला आणि ॲलनला जेमतेम एका बोटाच्या अंतराने दुसरा धरीन. पण प्रश्न २०१८ च्या पहिल्या निवडीचा आहे, आणि ती निवड क्लीव्हलंडची होती. त्या संघाने मुख्य प्रशिक्षक ह्यू जॅक्सन याला आठ सामन्यांनंतर काढले, आणि मेफिल्डच्या पहिल्या तीन हंगामांत तिथे तात्पुरता धरून चार मुख्य प्रशिक्षक झाले. ज्या मुलाच्या पायांवर तीन वर्षे काम करायचे आहे त्याला अशा घरात पाठवणे म्हणजे ते काम कधीच न होणे. मेफिल्डला त्या कामाची गरज सर्वांत कमी होती. त्याने पहिल्याच वर्षी २७ टचडाउन पास टाकले, जो पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकचा तेव्हाचा विक्रम होता. एकही सामना न जिंकलेल्या संघाने सात जिंकले, आणि २०२० च्या हंगामात तो संघ बाद फेरीत पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर हरवून आला. म्हणून क्लीव्हलंडच्या जागी बसून, त्या दिवशी त्यांच्याकडे जी माणसे होती ती लक्षात घेऊन, मी मेफिल्डचेच नाव दिले असते.